औषधापुढची शेळी

बुरशीवर माझ्या मेव्हण्याइतकी माया करणारा माणूस साताऱ्यापासून जतपर्यंत शोधून सापडायचा नाही. भाकरीला बुरशी आली की आपण नाक मुरडून टाकून देतो. हा ती कागदात गुंडाळून खिशात घालतो. माझ्या भावाच्या लग्नात लोणच्याची बरणी उघडून आचाऱ्यानं कपाळाला हात लावला, तर हा पठ्ठ्या म्हणाला, "मामा, लय झकास आलीय. मला द्या." कराडच्या प्रयोगशाळेत तो काचेच्या बशांमध्ये बुरश्या पाळतो. दिवाळीला अंघोळ उरकली की आधी तिकडं पळतो, फराळ मागाहून. त्याची बायको म्हणते, "यांची बुरशी कवा उपाशी राहत न्हाई. आमी राहतो."

माण तालुक्यातल्या मेंढपाळाचं पोर, त्यामुळं विज्ञानही मेंढरांच्याच भाषेत सांगतं. एकदा मी विचारलं, बाबा रे, तू करतोस तरी काय? "दाजी, औषध बुरशीच्या पेशीत शिरतं, पण आत हुंदडत बसतं. त्याचं काम असतं आतल्या एकाच कोपऱ्यात. मेंढरं भरकटतात म्हणून आबा कळपात शेळी ठेवायचे न्हाई का? ती चालली की मेंढरं मागनं. तशी मी औषधाला शेळी जोडतोय. थेट त्या कोपऱ्यात न्हेणारी." जी पेशी डोळ्याला दिसत नाही, तिच्यातला कोपरा याला ठाऊक! मी तर थक्कच झालो.

आणि मग आबांच्याच, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, फुफ्फुसात बुरशी निघाली. दवाखान्यातलं औषध लागू पडेना. वाढवावं तर मूत्रपिंडांना धोका. यानं आबांच्या बेडक्यातली बुरशी बशीत वाढवली आणि तिच्यावर आपलं शेळी जोडलेलं औषध घातलं. मेली. ते ऐकून आबा म्हणाले, "मग दे की मला." हा मान खाली घालून म्हणाला, "आबा, ते अजून उंदरालाबी दिल्यालं न्हाई. तुमालाच काय झालं तर?" आबांनी पुन्हा विचारलं नाही. उन्हाळा संपता संपता ते गेले.

परवा प्रयोगशाळेत गेलो, तर त्यानं एक बशी अगदी जपून बाहेर काढली. आबांची बुरशी. अजून जिवंत ठेवलीय, वेळच्या वेळी खाऊ घालतो. मला रागच आला. म्हटलं, "अरे, हिनं बाप नेला तुझा."

"म्हणून तर," तो म्हणाला. "हिच्याएवढी चिवट दुसरी न्हाई. थोडी काढून तिच्यावर औषध घालतो. हिला मारील तेच पुढं पाठवायचं." मग झाकण लावता लावता हळूच म्हणाला, "दर खेपेला मरती, दाजी. आन् दर खेपेला वाटतं, द्यायला पायजे हुतं."