ताईच्या केकमधलं पेन

केकवर चढवायचा साखरेचा लगदा हळुवार हाताने मळत नाहीत. त्याला बुकलावं लागतं. ताईच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळपासून मी तो ओट्यावर आपटत होते, ठोसत होते, आणि मम्मी दारातून म्हणत होती, "अगं हळू. शेजारच्यांना वाटेल, कोणाला तरी मारतोय आपण."

"मारतेच आहे," मी म्हटलं.

आठवडाभर आधी एक व्हिडिओ बघितला होता. होणाऱ्या दाजींच्या चुलत भावाच्या लग्नातला, ओझरचा. नवरी केक कापायला वाकते. दाजींचा धाकटा भाऊ मागून येतो, तिचा अंबाडा मुठीत धरतो आणि तिचं तोंड केकमध्ये दाबतो. वर काढतो, पुन्हा दाबतो. ती दोन्ही हातांनी टेबल चाचपडतेय आणि अख्खा हॉल हसतोय. ज्यांना हसू येतं त्यांना येवो. मला तिथे एका बाईला बुडवताना दिसत होतं.

मी कॉलेजपासून संघटनेची पत्रकं लिहिते. लग्नात तांदूळ पायदळी तुडवू नका, फुलं उधळा, हे नाशिक रोडला आमच्या कॉलनीत घरोघर वाटलेलं पत्रक माझंच. ताईच्या पत्रिकेवर "आहेर नको, वह्या-पेन आणा" ही ओळही मीच घालायला लावली. त्यामुळे व्हिडिओ बघून मी काय करणार, हे ताईला आधीच कळलं.

"मी ह्यांच्याशी बोललेय. असं काही होणार नाही म्हणालेत. तू एक दिवस भाषण देऊ नकोस. माझं लग्न आहे, तुझी सभा नाही."

मी शब्द दिला. म्हणून सगळा राग त्या लगद्यावर निघत होता.

केक म्हणजे एकावर एक रचलेली तीन जाडजूड पुस्तकं, निळ्या बांधणीची, सगळ्यात वरचं उघडं. ताई ज्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षं बसली आणि शेवटी शिक्षिका होऊनच उठली, तिथली ही पुस्तकं. तिने तेवढंच मागितलं होतं. पेन हा माझा हट्ट. उघड्या पानावर टोक वर करून ताठ उभं असलेलं निळं पेन. वह्या-पेन मागणाऱ्या लग्नात पेन नको का?

पण साखरेचं पेन उभं राहीना, मान टाकायचं. मग मी त्याच्या आत पनीर भाजायची बांबूची काडी घातली. अणकुचीदार बाजू वर, कारण निब तिच्यावरच टिकत होती. वरून लगद्याचा पातळ थर आणि चंदेरी रंग. बघणाऱ्याला वाटावं, सगळी साखरच.

केक शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खायचं नाही असं काही आत ठेवलंत, तर कापणाऱ्याच्या कानावर घाला. मी घातलं नाही. ताई म्हणाली असती, काढ ते. आणि मला ते काढायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बुद्धवंदना झाली, हार घातले, पाकळ्या उधळल्या. केक पुढे आणला. लोक फोन घेऊन सरकले. मी टेबलापलीकडे स्टीलच्या ताटल्या घेऊन उभी होते. ताईने सुरी हातात घेतली आणि तिच्या खांद्यामागे व्हिडिओतला तो धाकटा भाऊ दिसला. बाह्या वर सारत होता, मित्रांकडे बघून हसत होता.

त्याने अंबाडा धरला. गजरा चुरगळला. ताईच्या हातातली सुरी पडली. माझ्या डोक्यात फक्त ते टोक होतं. मी पेनावर तळहात टाकला.

त्याने सगळा जोर लावून तिचं डोकं माझ्या हाताच्या पाठीवर दाबलं. काडी तळहातात शिरली, हाडाला घासली आणि आत मोडली. माझ्या बोटांच्या हाडांवर आपटून ताईचं नाक फुटलं. पांढऱ्या साडीवर रक्त, निळ्या पुस्तकांवर रक्त, आणि मागे अजून हसणं चालूच.

मी डाव्या हातातली ताटली त्याच्या कानशिलावर हाणली. पुन्हा हाणली. दाजींच्या काकांनी माझी वेणी धरून मला मागे ओढलं. जन्मात कोणाला अरे न म्हटलेल्या पप्पांनी त्या काकांना छातीवर ढकललं, ते थेट स्टेजवरच्या सोफ्यावर जाऊन आदळले.

"गंमत केली, वहिनी," दीर कान धरून म्हणाला. "आमच्यात करतात."

ताईने त्याची कॉलर धरली आणि त्याला केकपाशी खेचलं. "मग तू घाल तोंड. घाल ना. गंमत आहे."

त्याने माझ्या तळहातातून बाहेर आलेला काडीचा तुकडा बघितला. तो वाकला नाही.

दाजी मध्ये पडले. "मी त्याला बोललो होतो गं."

"बोलून काय होतं? हात धरायचा होता त्याचा."

मग ती माझ्याकडे वळली. मनगट धरून माझा हात उजेडात नेला.

"हे पेनात होतं?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

"मीच घातली."

तिने माझ्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर, पूर्ण हाताने. "भाषणं देतेस. हे सांगायला तोंड नव्हतं?"

त्याचा हात रानटी होता, पण पुढे टोक मी ठेवलं होतं.

दवाखान्यात गाडी दाजींनी नेली. नाकात कापूस घालून ताई मागे माझ्याशेजारी बसली, माझा दुसरा हात घट्ट धरून. त्या दिराला तिने आजवर पाणी विचारलेलं नाही. माझं मधलं बोट अजून पूर्ण मिटत नाही.

टाके निघाल्यावर मी पत्रक लिहिलं. नवरीचं तोंड ही तुमची गंमत नाही, इथपासून सुरुवात. कडक उतरलं होतं. छापण्याआधी ताईला पाठवलं. वह्या तपासते तशी तिने लाल पेनने खाली एक ओळ लिहून परत धाडलं: "काडीचं कुठे आहे?"

ते पत्रक अजून छापलेलं नाही. आधी काडीचं लिहायला बसले, ते हे.