ताईंच्या भिंतीवरची जलकुंभी

माझ्याकडे फुलांची तैलचित्रं आहेत असं सांगितलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे बघतो, मग आमच्या घराकडे. दोन्हीकडे बघून तसं वाटत नाही. पांढुर्ण्यात बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. बाहेरच्या खोलीत एक दिवाण, न्हाणीत मावत नाही म्हणून आणून ठेवलेली कपडे धुवायची मशीन, आणि भिंतभर वसंतातली फुलं. ट्यूलिप आहेत, नर्गिस आहे, पळस आहे. संत्र्याच्या आंबिया बहाराची एक डहाळीही आहे. तिच्याकडे बघून आमचे हे दरवर्षी न चुकता म्हणतात, यातली निम्मी फुलं गळणार. ह्यांचा जन्म बगीच्यात गेला, त्यामुळे फूल दिसलं की ते फळ धरेल की नाही एवढाच हिशेब डोक्यात.

हा नाद मला पन्नाशीत लागला. इतर बायकांना या वयात गुडघे लागतात. मला दोन्ही लागले, आणि एकाच दिवशी. नागपूरला गुडघे दाखवायला गेले होते. नंबर यायला वेळ होता. शेजारच्या हॉलमध्ये चित्रांचं प्रदर्शन होतं आणि तिथे पंखा होता. मी पंख्यासाठी आत गेले. समोर निळ्या वाडग्यात जांभळ्या फुलांचे घोस उभे होते. रंग इतका जाड लावलेला की पाकळी बोटाला लागावी. चित्र काढणाऱ्या म्हाताऱ्या बाई कोपऱ्यात खुर्चीवर डबा खात बसल्या होत्या. त्यांनी फुलाचं नाव सांगितलं, हायसिंथ. नवरा फौजेत, काश्मीरला असताना थंडी ओसरली की अंगणात उगवायची, थोडे दिवस राहायची आणि तेवढ्यात घरभर वास करून जायची. पुढे नवरा गेला, अंगण गेलं, आणि मग कितीतरी वर्षांनी त्यांनी ती आठवून काढली.

मला काय झालं कोण जाणे. डॉक्टर राहिले, आणि मी मांडीवर चित्र घेऊन पॅसेंजरमध्ये बसले. नाव विसरू नये म्हणून नरखेडपर्यंत पुटपुटत होते. शेजारच्या बाईला वाटलं मी जप करते आहे. तिने बिचारीने पाय आखडून घेतले.

आता ताईंविषयी. ताई म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांची मोठी बहीण, सौंसरला दिलेली. आमच्या लग्नापासून त्या मला सुधरवून राहिल्या आहेत. माझी भाजी पातळ, माझं पोरगं बारीक, माझी साडी ढगळ. पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसरच्या लोकांना कामासाठी आमच्याकडे यावं लागतं, याचं ताईंना जे दुःख झालं ते त्यांच्या सासूच्या जाण्याचंही झालं नव्हतं. मी मात्र त्या दिवशी शिरा केला होता.

चित्र आणल्यानंतरच्या संक्रांतीला मी मुद्दाम बाहेरच्या खोलीत हळदीकुंकू ठेवलं. गल्लीतल्या बायका आल्या, चित्रासमोर थबकल्या, मी फुलाचं नाव सांगू लागले. तेवढ्यात ताई आल्या. शनिवार होता, जामसांवलीला मारुतीचं दर्शन घेऊन तशाच पुढे आल्या होत्या, कपाळाला शेंदूर होता. चित्राकडे पाहून त्यांनी मान वाकडी केली.

"वहिनी, हे त नाल्यातली जलकुंभी होय व. म्हशी तोंड लावत नाही तिले, अन् तू भिंतीले लावली?"

बायका हसल्या. माझ्या हातातल्या करंड्यातलं कुंकू साडीवर सांडलं. खोटं कशाला सांगू, दुरून पाहिलं तर तसं वाटतंही. नाल्यावर पसरते ती जलकुंभी, म्हणजे जलपर्णी, अशीच जांभळी, असाच तिचा तुरा. पण मी ते चित्र दुरून पाहिलेलं नव्हतं.

तिथून ते सुरू झालं. सौंसरच्या कोणत्याही कार्यक्रमात मी गेले की कोणीतरी विचारायचं, काय मामी, नाला साफ झाला का. ताईंनी गावभर सांगून ठेवलं होतं. मग मी हट्टाला पेटले. नागपूरच्या चित्रकलेच्या वर्गातल्या मुली, एक रिटायर्ड ड्रॉईंग मास्तर, कोणाकोणाकडून फुलं जमवत गेले. माणसं असा संग्रह प्रेमातून करतात म्हणे. माझा निम्मा तरी रागातून झाला. प्रत्येक नवीन चित्र टांगताना मी मनात ताईंना म्हणायची, बघा, हीपण जलकुंभी का? पण जीव होता तो त्या पहिल्या चित्रावर. सकाळचा चहा मी त्याच्यासमोर बसून प्यायची.

आणि मग देवाने माझं ऐकलं. भाचीसाठी काटोलचं स्थळ आलं. ताईंची एकुलती एक लेक, मला मामी मामी करणारी, गोड पोरगी. मुलाकडचे बघायला येणार होते. ताईंनी सौंसरला नवीन घर बांधलं होतं. हॉल एवढा मोठा की त्यात आवाज घुमायचा आणि भिंती कोऱ्या. ताईंचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलणं झालं, बगीचा झाला, माझे गुडघे झाले. शेवटी त्या म्हणाल्या की तुझं ते फुलाचं चित्र दोन दिवसांसाठी दे. मी विचारलं, कोणतं? त्या म्हणाल्या, जांभळं. मी म्हटलं, माझ्याकडे जांभळी फार आहेत ताई, नाव सांगा. मग त्यांनी ते नाव घेतलं, अगदी बरोबर घेतलं. म्हणजे बाईला पहिल्या दिवसापासून पाठ होतं.

तेवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण जिंकलेल्या माणसाला शहाणपण कुठून येणार? चित्र मी स्वतः घेऊन गेले, स्वतः खिळा बघितला, स्वतः टांगलं.

पाहुणे आले. पोहे झाले, तर्री झाली, मुलगी आवडली. मुलाची आई शांत, जाडजूड, फार न बोलणारी. त्या उठून चित्राजवळ गेल्या आणि म्हणाल्या, छान आहे हो. आता आमच्याकडे रीत अशी की मुलाच्या आईने काही वाखाणलं की घरच्यांनी म्हणायचं, तुमचंच समजा. मग तिने म्हणायचं, नको नको. असं होऊन जातं आणि वस्तू जागच्या जागी राहते. ताई म्हणाल्या, "तुमचंच समजा न बाई. माझीच पसंती आहे, मीच शोधून आणलं नागपूरवरून." मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पोहे खाऊन राहिले होते. मुलाच्या आईने एकदा नको म्हटलं, आणखी एकदा म्हटलं. ताईंना थांबवेना, त्या पुन्हा म्हणाल्या, घेऊनच जा. त्यावर त्या बाई म्हणाल्या, बरं.

मी तोंड उघडलं असतं तर जमत आलेली सोयरीक तिथेच अडली असती, आणि भाची दाराआडून माझ्याकडेच बघत होती. चित्र भिंतीवरून मीच काढलं. चादरीत गुंडाळलंही मीच, कारण ताईंनी कोपरे उघडे ठेवले असते. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा ताईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"रुसू नको व. फुलंच त होते, दुसरे घेऊन घे."

मी हसले. माझं ते हसणं आमच्या ह्यांना ठाऊक आहे. परतताना जामसांवलीला चहाला थांबू म्हणाले होते, पण माझ्याकडे बघून थांबलेच नाहीत.

आमच्या गावाला नदीच्या काठी वर्षातून एकदा, जत्रेत, पलीकडच्या सावरगाववाल्यांवर दगड भिरकावायची मुभा आहे. मला कधी त्यात गोडी वाटली नाही. त्या उन्हाळ्यात मात्र समजलं की ही मंडळी वर्षभर त्याचीच वाट का बघत असतात.

लग्न ठरलं. आमच्याकडे भावाचा आहेर वाजत गाजत मांडवात जातो. सगळ्यांसमोर उघडायचा, बहिणीने कपाळाला लावायचा. भावाचा आहेर कोणाला द्यायचा नाही, मोडायचा नाही. साडी विटली तरी तिच्यावर बोहारणीकडून भांडं घेत नाहीत. नको म्हणायची तर सोयच नाही, कारण तो माहेराचा अपमान. ही रीत कोणत्या बाईने काढली मला माहीत नाही, पण तिलाही एखादी नणंद असणार.

गावात ट्रकवर नंबर आणि भिंतींवर निवडणुकीचे नारे लिहिणारा एक पेंटर आहे. मी त्याला म्हटलं, मला ऑईल पेंटचं चित्र पाहिजे. तो म्हणाला, दारंखिडक्या ऑईल पेंटनेच रंगवतो. मी त्याला स्कूटरवर बसवून नाल्यावर नेलं आणि जलकुंभी दाखवली. त्याने मला पुन्हा विचारलं, हीच का? दिवाणाएवढा बोर्ड झाला. खालचा कोपरा मोकळा मोकळा दिसून राहिला होता म्हणून त्याने आपल्या मनाने तिथे एक म्हैस घातली, गळ्यापर्यंत पाण्यात, डोळे मिटलेली. त्याखाली सवयीने आपला मोबाईल नंबर टाकला होता, तो खरवडून काढावा लागला. म्हैस मी ठेवली.

ताईंसाठी साडी घेतली ती अगदी चांगली घेतली. त्यात कसूर नको. चित्र वेगळं, लाल कापडात बांधून. ह्यांनी विचारलं, हे कायले? मी म्हटलं, तुमच्या बहिणीला फुलं आवडतात.

मांडवात बँड थांबला. ताईंनी साडी कपाळाला लावली, कापडाची गाठ सोडली. सगळं सौंसर बघत होतं, आणि त्यातले निम्मे मला नाल्याचं विचारणारे. ताई आधी चित्राकडे, मग माझ्याकडे बघत राहिल्या.

"वहिनी, हे काय होय?"

"जलकुंभी, ताई. तुम्हीच तर ओळखली होती पहिल्यांदा."

मागे कोणाचा तरी घास अडकला, खोकला ऐकू आला. ताईंचे कान लाल झाले. मग त्यांनी तो बोर्ड दोन्ही हातांनी उचलला आणि टेकवला कपाळाला, म्हशीसकट. मी आयुष्यात बरीच लग्नं पाहिली, पण इतकं पोटभर कुठे जेवले नाही.

ते लागलं हॉलमध्ये, समोरच, जिथे माझं चित्र होतं तिथे. भावाचा आहेर आतल्या खोलीत लावून कसं चालेल? हे स्वतःच हातोडी घेऊन गेले. भोळेपणा हा ह्यांचा सर्वांत उपयोगी गुण आहे.

गोष्ट इथेच संपली असती तर मी आज सुखी असते. पण लग्नानंतर मांडवपरतणीला भाची माहेरी आली, सोबत विहीणबाई. आम्ही दोघंही होतो. विहीणबाई सोफ्यावर बसल्या आणि त्यांचं लक्ष गेलं. उठल्या, जवळ गेल्या, म्हशीला बोट लावून पाहिलं. आणि ती कमी बोलणारी बाई बोलायला लागली. त्यांच्या माहेरच्या तलावात अशीच जलकुंभी, त्यांच्या म्हशीचं नाव, लहानपणी तिच्या पाठीवर बसून पलीकडे जायच्या ते. डोळ्यांत पाणी. मग संकोचून म्हणाल्या, ते तुम्ही दिलेलं चित्र फार नाजूक आहे, आमच्या घरात त्याच्याकडे कोणी बघत नाही, आलमारीच्या मागे ठेवलं आहे. ते परत देते, हे मला देता का?

आलमारीच्या मागे.

ताईंचा चेहरा कसा उजळला ते काय सांगू. पण आहेर भावाचा, आणि भावाचा म्हणजे माझा. त्या माझ्याकडे वळल्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या आवाजात आर्जव होतं.

"वहिनी, तुले तुझं चित्र भेटते. हो म्हण न बाई."

फक्त हो म्हणायचं होतं. संध्याकाळपर्यंत कोणीतरी काटोलहून ते आणून दिलं असतं. दुसऱ्या दिवशीचा चहा मी त्या घोसांसमोर घेतला असता. आणि ताईंची भिंत मोकळी झाली असती. पुढच्या हळदीकुंकवाला त्या पुन्हा मान वाकडी करून माझ्या घरात उभ्या राहिल्या असत्या.

"भावाचा आहेर असा देत नसतात, ताई," मी म्हणाले. "विहीणबाईंना मी दुसरा काढून देते, म्हशीसकट."

तो मी दिलाही, महिन्याभरात. पेंटरने या वेळी दोन म्हशी घातल्या. विहीणबाई इतक्या खूश झाल्या की हायसिंथ मला परत करायचं आता कोणाच्या लक्षातही नाही, आणि मागायला तोंड मला नाही. त्यांच्या लेखी ते ताईंचं. ताईंना आठवतं, पण त्या कशाला आठवण करून देतील?

त्या दिवशी सौंसरहून आम्ही परत निघालो. वाटेत हे म्हणाले, "तुले तुझं पाहिजे होतं का तिले छळायचं होतं?"

मी म्हटलं, गाडी नीट चालवा.

आता मी सौंसरला पूर्वीपेक्षा जास्त जाते. पोळा असो, बारसं असो, कोणाचं काही नसलं तरी जाते. ताई चहा आणतात. मी खुर्ची सरकवून म्हशीच्या अगदी समोर बसते आणि कप सावकाश रिकामा करते. चहा त्या चांगला करतात, हे मान्य केलं पाहिजे. घरी आल्यावर मला झोप उशिरा लागते, पण ते गुडघ्यांमुळेही असेल.