क्रूसाजवळचे उरलेले चणे

उकडलेल्या चण्यांचा वास आला की मला मे महिना आठवतो. पातेल्याचं झाकण काढावं, हळद-नारळाची वाफ वर यावी आणि क्रूसाला घातलेल्या मोगऱ्याच्या हारात मिसळून जावी! अंधेरीच्या आमच्या गावठाणात मेच्या संध्याकाळी नाक्यावरच्या क्रूसासमोर लादीन होते. एकीने मरियामातेची नावं घ्यायची, बाकीच्यांनी "आमच्यासाठी विनंती कर" असा जबाब द्यायचा, आणि शेवटी ओंजळीत चणे घ्यायचे. माझ्या लहानपणी तो जबाब असा उठायचा की विहिरीवरची कबुतरं उडत. आता नावं मी घेते, जबाब तिघी देतात. त्यातल्या आग्नेसला कमी ऐकू येतं, म्हणून तिचा मागाहून येतो. चणे मात्र जुन्या सवयीने तेवढेच भिजतात. उरतात, आणि सकाळी आंबतात.

यंदा फादर म्हणाले, "आजी, पावसाळ्यापासून चर्चमधली रविवारची मराठी मिस्सा बंद करावी लागेल. माणसं कुठे आहेत?"

माणसं कुठे आहेत! याच चर्चच्या शाळेत मी चौथीपर्यंत मराठीत शिकले. ती शाळा इंग्रजी झाली तेव्हा टाळ्या कोणी वाजवल्या? आम्हीच. पोरं शिकली, कॅनडाला गेली, आता नाताळला फोनच्या पडद्यावरून हात हलवतात. चर्चला एसी आला, बाकांना गाद्या आल्या, आणि गाद्यांवर बसणारे गेले. झाड मुळाशी तोडायचं आणि सावली कुठे गेली म्हणून विचारायचं, हा कुठला न्याय?

बरं, माणसं नाहीत असंही नाही. मागच्या गल्लीत कपडे शिवायच्या कारखान्यावर पत्र्याचा माळा आहे. तिथे रविवारी प्रार्थना भरते, इतकी की चपला जिन्यावरून रस्त्यापर्यंत उतरतात. आमचे लोक नाकं मुरडतात, "ढोलकी बडवतात, हे काय चर्च?" बडवू देत. पण ती ढोलकी मराठीत वाजते, हे कोणाच्या कानावर जात नाही?

शेजारी स्वयंपाकाला येणारी सुनीता त्या माळ्यावर जाते. जालन्याकडची, आजोबांपासून ख्रिस्ती. एकदा माझ्या ओट्यावर भाजी निवडत बसली होती, तेव्हा मी विचारलंच, "एवढं मोठं चर्च सोडून त्या भट्टीत का बसतेस गं?"

"आले होते ना आजी, तुमच्याच मराठी मिस्सेला. मागच्या बाकावर बसले. एका बाईंनी विचारलं, कोणाकडे कामाला आहेस? माळ्यावर मला नाव विचारलं." एवढं बोलून ती पुन्हा मेथी खुडायला लागली.

ती बाई कोण, हे मला विचारावं लागलं नाही. आग्नेसला तोंडावर सांगितलं. "अगं, मी आपुलकीनं विचारलं!" म्हणाली. आपुलकी! बिल्डरने शेतं नेली, परदेशाने पोरं नेली, म्हणून आम्ही जन्मभर रडतो. पण दारात आलेलं माणूस कोणी घालवलं? त्याला बिल्डर लागला नाही.

मेच्या शेवटच्या संध्याकाळी मी सुनीताला बोलावलं. ती माळ्यावरच्या बायका घेऊनच आली आणि आधीच म्हणाली, "आजी, आमच्या पंथात मरियेला हाक मारत नाहीत हं. राग मानू नका."

"नका मारू. उभ्या तर राहा."

उभ्या राहिल्या, डोक्यावर पदर घेऊन, मुकाट. पण "हे आमच्या स्वर्गातील पित्या" ही दोन्हीकडची प्रार्थना सुरू झाली आणि त्यांचा आवाज असा काही उठला की वरच्या टॉवरच्या गॅलऱ्यांत माणसं येऊन उभी राहिली. त्यांचे शब्द आमच्याहून जरा निराळे, मध्ये मध्ये ठेच लागत होती. लागो. ठेच लागायलाही सोबत चालणारं कोणी असावं लागतं!

मग आग्नेस चणे वाटायला निघाली. सुनीतासमोर थांबली, तोंड उघडलं. मी हातातली पळी घट्ट धरली.

"नाव काय गं तुझं?"

सुनीताने सांगितलं. आग्नेसला ऐकू आलं नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. मग सुनीता अशी ओरडली की सगळ्या गावठाणाला नाव कळलं, आणि बायका खो खो हसल्या.

फादर मागे उभे होते. मिस्सेचं काय ते ठरवतील. मी पातेलं त्यांच्यासमोर उपडं करून दाखवलं. एकही चणा पडला नाही. नुसता वास होता.