सरांच्या डाव्या खांद्यामागे

आमच्या मुख्य कोचना चेंडू दिसत नाही, हे फक्त मला ठाऊक आहे असं मी बरेच दिवस समजत होतो.

मस्कतमधल्या एका खाजगी कॉलेजच्या मुलांच्या हॉकी टीमला आम्ही तिघं शिकवतो. मुख्य कोच म्हणजे सर. साठी ओलांडलेले, मूळचे खडकीचे, हातात स्टिक नसली तर हात कुठे ठेवायचे ते न कळणारे. गोलकीपरांना तयार करतो तो ओमानी आहे, स्वतः जुना कीपर, सकाळी सरकारी नोकरी करतो. आणि तिसरा मी, असिस्टंट. मी वसईचा. रुवीत एका कंपनीत ऑफिसचं काम बघतो आणि राहतो शहराच्या टोकाला, माबेलाला. संध्याकाळी ऑफिस सुटलं की वादी अदाईला जाऊन सरांना गाडीत घ्यायचं आणि ग्राउंडवर न्यायचं, हा माझा क्रम.

सरांनी स्वतःची गाडी विकली तेव्हा कॉलेजात सांगितलं, ट्रॅफिकचा कंटाळा आला. खरं कारण डायबेटिस. डोळ्यांचा मधला भाग धूसर झाला होता. कडेकडेचं दिसायचं, माणूस आला-गेला कळायचं, पण फ्लडलाइटखाली टर्फवरून पळणारा चेंडू त्यांना सापडत नसे. एकदा गाडीतून उतरताना ते मला म्हणाले, "आजपासून तू माझ्या डाव्या खांद्यामागं उभा राहा. दिसेल ते सांगत जा. मराठीत सांग, म्हणजे बाकीच्यांना वाटेल, दोन म्हातारे गप्पा मारतायत."

"मी म्हातारा नाही, सर."

"होशील. घाई करू नकोस."

तेव्हापासून मॅच सुरू झाली की मी हलक्या आवाजात बोलत राही. चेंडू उजवीकडं. लेफ्ट हाफ वर गेलाय, मागं मोकळं आहे. त्यांचा दहा नंबर एकटाच आहे. सर मान किंचित माझ्याकडे कलती ठेवत आणि क्षणात हिंदी, इंग्रजी आणि मोडक्या अरबीच्या मिश्रणात मैदानावर ओरडत. ओरडायचे ते अचूक. मी चार शब्द बोलायचो आणि त्यातून त्यांना सगळं मैदान दिसायचं. मी न सांगितलेलंही दिसायचं. "तिकडं मोकळं आहे म्हणजे आपला राइट विंग झोपलाय," ते म्हणायचे, आणि तो खरोखरच झोपलेला असायचा.

आमचा सेंटर हाफ ओमानच्या किनाऱ्यावरच्या सूर गावचा होता. गलबतं बांधणाऱ्या घरातला, शेवटच्या वर्षाला. सगळे त्याला सूरवालाच म्हणत. चेंडू स्टिकवर आला की तो लवकर सोडायचा नाही. एकाला चकवायचा, दुसऱ्याला चकवायचा, कधी तिसऱ्याकडे हरवून बसायचा. सर त्याच्यावर फिदा होते. मला तो डोळ्यांत खुपायचा. मीही कॉलेजात सेंटर हाफच होतो, आणि आम्हाला शिकवलं होतं की चेंडू आला की दिला पाहिजे. त्याला थोडं बसवू या, असं मी एकदा गाडीत सुचवलं. सर हसले. "तू आयुष्यभर पास देत देत माबेलापर्यंत आलास. त्याला जाऊ दे की पुढं."

थट्टाच होती. मीही हसलो. पण ते मला लागलं, आणि किती लागलं ते मी स्वतःलाही सांगितलं नाही.

त्यानंतर माझ्या बोलण्यात शब्द वाढू लागले. आधी मी 'सूरवाल्याकडे चेंडू' एवढंच सांगायचो. आता 'सूरवाला परत अडकला' म्हणू लागलो. 'परत' हा शब्द माझा. त्यानं सुंदर पास दिला, तर 'चेंडू उजवीकडं गेला' एवढंच सांगायचो, कुणी दिला ते गाळायचो. खोटं काहीच नव्हतं. मी म्हणायचो, मी तर फक्त सांगतोय. काही मॅचेसनंतर सर त्याच्यावर ओरडू लागले. माझं मत त्यांच्या आवाजात मैदानभर ऐकू यायचं, आणि मला बरं वाटायचं. हे लिहिताना लाज वाटते, पण वाटायचं बरं, हे खरं आहे.

मग सेमीफायनल आली. फायनल बघायला देशाच्या ज्युनियर कॅम्पचे निवड करणारे येणार होते. सूरवाल्याचं शेवटचं वर्ष. त्याची हीच वेळ होती, आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं.

आम्ही एका गोलनं पुढे होतो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सूरवाल्यानं समोरच्यांच्या गोलपुढच्या 'डी'पाशी चेंडू गमावला आणि त्यांचा हल्ला आमच्यावर उलटला. सरांनी मान कलती केली. "सूरवाला परत येतोय का?"

तो येत होता. जीव खाऊन पळत येत होता. त्यांचा प्रश्न माझ्या कानावर पडला तोवर तो आमच्या पंचवीस यार्डांच्या रेषेवर पोचलाही होता.

"नाही, सर," मी म्हणालो. "उभा आहे."

त्यांचा हल्ला त्यानंच अडवला. मी सांगितलं, चेंडू बाहेर गेला. 'आगे क्यूं खड़ा है' असं ओरडत सरांनी त्याला बाहेर बोलावलं. तो आमच्या शेजारून बेंचकडे गेला तेव्हा त्याचा श्वास भात्यासारखा चालला होता. सरांचे कान तिखट.

"इतक्या धापा का टाकतोय?"

"चिडलाय," मी म्हणालो.

हॉकीत बाहेर काढलेला खेळाडू पुन्हा आत पाठवता येतो. मॅच संपेपर्यंत मी केव्हाही म्हणू शकत होतो, सर, घ्या त्याला. मी म्हणालो नाही. आम्ही जिंकलो. जिंकल्यामुळे कुणी काही विचारलं नाही. फक्त सूरवाला सरांसमोर येऊन इंग्रजीत म्हणाला, "कोच, मी मागं आलो होतो." सरांनी चेहरा माझ्याकडे वळवला.

"उशिरा आला," मी मराठीत म्हणालो.

सर त्याला म्हणाले, "कारणं देऊ नकोस." फायनलला त्यांनी त्याला बेंचवर बसवलं. शेवटी शेवटी थोडा वेळ आत पाठवलं, तोवर निवड करणारे पुढची रांग सोडून निघाले होते. ती फायनल आम्ही हरलो. कॅम्पला निवडलेल्यांत तो नव्हता.

सामान आवरताना कीपर कोच माझ्याजवळ आला. तो आमच्याशी इथल्या हिंदीत बोलतो, मित्राला अरबीत 'सदीक' म्हणतो. "सदीक, तुम्हारा जबान मेरे को नहीं मालूम," तो म्हणाला. "लेकिन तुम बोलता, फिर वो चिल्लाता. सेमीफायनल में लड़का पीछे था. मैं देखा. वो चिल्लाया, आगे खड़ा है. तुम क्या बोला?"

मी म्हणालो, गडबडीत चुकलं असेल.

"इन्शाल्ला," तो म्हणाला आणि हेल्मेटं उचलून चालू लागला. त्याला सरांच्या डोळ्यांबद्दल कधीपासून माहीत होतं ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चमध्ये मिस्साला गेलो. कन्फेशनच्या रांगेत उभा राहिलो आणि नंबर जवळ आल्यावर रांगेतून बाहेर पडलो. फादरनी माफ केलं असतं. त्यांचा काय संबंध, असं वाटलं. त्या मुलाला त्यांनी पाहिलंही नव्हतं.

सरांना मी गाडीत सांगितलं, त्यांच्या बिल्डिंगखाली, एसी चालू ठेवून. सगळं सांगितलं. ते समोरच्या काचेकडे बघत होते.

"उभा आहे म्हणालास तू."

"हो."

"आणि धापा टाकत होता ते?"

"पळून आला होता, सर."

"म्हणजे मला ऐकू आलं ते बरोबर होतं." मग त्यांनी विचारलं, "त्याच्या आधीच्या मॅचला आपला गोल रद्द केला. चेंडू खरंच पायाला लागला होता का?"

"लागला होता, सर. ते खरं आहे."

"बरं," ते म्हणाले. त्यांनी अजून एका मॅचबद्दल विचारलं, मग अजून एका. मी खरीखुरी उत्तरं देत गेलो, आणि प्रत्येक उत्तराला ते त्याच आवाजात 'बरं' म्हणाले. तोवर मी धरून चाललो होतो की मी फक्त त्या मुलाचं नुकसान केलं. सरांच्या सगळ्या मॅचेसही मी खराब केल्या होत्या, हे मला त्या 'बरं'मधून कळलं.

दार उघडताना ते म्हणाले, "सूरला जायचं. तू त्याला सांगायचं, माझ्यासमोर."

"त्याला सांगायचं म्हणजे तुमच्या डोळ्यांचंही सांगावं लागेल."

"मग सांगू."

आम्ही तिघंही गेलो. गाडी कीपर कोचनं चालवली. वाटेत सरांनी मला समोर काय दिसतंय ते एकदाही विचारलं नाही. एरवी या रस्त्यावर ते समुद्र कुठं लागतो ते विचारत. सूरवाला परीक्षा संपवून घरी आला होता आणि काकांच्या कारखान्यात, अर्ध्या बांधलेल्या गलबताच्या पोटाशी फळ्या घासत होता. आम्हाला बघून त्यानं हात पुसले, खजूर आणि कॉफी मागवली. मी उभ्यानंच सांगितलं. इंग्रजीत सांगताना ते फार लहान झालं. तू परत आला होतास, मी नाही म्हणालो.

त्यानं सरांकडे बघितलं. मग मला म्हणाला, "कोचना दिसत नाही हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. चेंडू गेला तरी त्यांची मान तुमच्याकडे असायची. म्हणून मला त्यांचा राग आला नाही. मला वाटलं, तुम्हीही थकला असाल, तुमच्याकडूनही सुटलं असेल."

"सुटलं नव्हतं," मी म्हणालो.

"हां," तो म्हणाला. त्यानं माझ्या कपात कॉफी ओतली, कारण मी पाहुणा होतो. निघताना त्यानं सरांचा हात धरून त्यांना खाली पडलेल्या फळ्यांमधून रस्त्यापर्यंत आणलं. मी मागून चालत होतो.

त्याच आठवड्यात सरांनी कॉलेजच्या स्पोर्ट्स ऑफिसरला आपल्या डोळ्यांचं सांगितलं. ऑफिसर म्हणाला, इन्शाल्ला, बघू. तो अजून बघतोच आहे. मी राजीनामा देतो म्हणालो, तर सर म्हणाले, "आणि मला ग्राउंडवर कोण आणणार? ते राहू दे. फक्त आता मराठीत नको. मोठ्यानं सांग, बेंचला कळेल असं."

तसं आता चाललंय. मी त्यांच्या डाव्या खांद्यामागेच उभा असतो आणि मोडक्या हिंदी-इंग्रजीत मोठ्यानं सांगतो. बेंचवरची मुलं चुका काढतात. "नो कोच, ही इज बॅक." "अरे कोच, वो नंबर सात है, चश्मा लगाओ." हसतात. माझ्या चुका आता खऱ्याच चुका असतात, पण ते सिद्ध करण्याचा काही मार्ग नाही.

मी बोललो की सर लगेच ओरडत नाहीत. ते थोडं थांबतात, कान बेंचकडे देऊन. मागून कुणी काही बोललं नाही, की मग ओरडतात. तोवर चेंडू बहुतेक वेळा पुढं निघून गेलेला असतो.