सांगून ठेवणाऱ्या शरयूकाकू

शरयूकाकूंच्या गाडीत बसायचं म्हणजे धावतं समालोचन ऐकायचं. "आता मी इंडिकेटर देतेय. आता लेन बदलतेय. घाबरू नकोस, मागचा ट्रक मला दिसलाय. आता ब्रेक." न्यू जर्सीतल्या एडिसनपासून आयसेलिनच्या दुकानांपर्यंत हे असं चालायचं, आणि तेही बैलगाडीच्या वेगाने. मागचे लोक हॉर्न मारून थकायचे. मी नाशिकहून नोकरीसाठी नवीनच आले होते आणि काकूंच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. एकटं राहून राहून बाईंना स्वतःशी बोलायची सवय लागली असावी, असं मला सुरुवातीला वाटलं होतं.

खरं कारण निराळं होतं. काकू भूलतज्ज्ञ होत्या. मिरजेला डॉक्टर होऊन लग्नानंतर अमेरिकेत आल्या आणि निवृत्त होईपर्यंत ऑपरेशन थिएटरमध्येच राहिल्या. "टेबलावर आडवं पडलेल्या माणसाला आपलं काय चाललंय ते दिसत नाही गं," त्या म्हणायच्या. "म्हणून आधी सांगायचं. आता सुई टोचेल, आता हात गार वाटेल. मी जन्मभर माणसं झोपवली, पण सांगून झोपवली. फसवून एकालाही नाही." ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की मला बोलणी बसायची, तीसुद्धा पूर्वसूचना देऊन. "आता मी तुला रागावणार आहे. आधी चहा घे."

स्वतःच्या कामाबद्दल त्यांचं मत मजेशीर होतं. "सर्जनचं काम चांगलं झालं तर माणूस बरा होतो. माझं काम चांगलं झालं तर काय होतं? काहीच होत नाही! पेशंट उठतो आणि सर्जनला केक देऊन घरी जातो." ह्यावर त्या स्वतःच खो खो हसायच्या. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती, दोघी मुली कॅलिफोर्नियात होत्या, आणि चार बेडरूमच्या त्या घरात काकूंचा आवाज तेवढा भरून असायचा.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात ओक ट्री रोडवरच्या किराणा दुकानाच्या काचेवर एक कागद चिकटवलेला दिसला. आमच्या भागात रग्बी लीगची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा होणार होती, छोट्या देशांची. खेळाडूंना घरी ठेवून घेणारी कुटुंबं हवी होती. रग्बी म्हणजे काय हे आम्हा दोघींनाही धड माहीत नव्हतं. काकूंनी कागद दोनदा वाचला, मला म्हणाल्या, "आता मी एक वेडेपणा करणार आहे," आणि तिथूनच फोन लावला. आठवड्याभरात पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावरची चार मुलं आमच्या दारात उभी राहिली. बेटाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांतल्या एकाला ते आवडणार नाही.

त्या एकाचं नाव सिओने. काकूंनी पहिल्याच दिवशी त्याचा सोन्या करून टाकला. दारातून आत यायला त्याला जरा तिरकं व्हावं लागे, आणि बोलणं मात्र इतकं हळू की पुढे वाकून ऐकावं लागे. पहिल्या रात्री काकूंनी टेबलावर काटे-चमचे मांडले होते. त्याने संकोचत विचारलं, "आंटी, हाताने खाल्लं तर चालेल? घरी आम्ही तसंच खातो." काकू एवढ्या खूश झाल्या की त्यांनी चौघांचेही काटे उचलून नेले.

पण त्या ताटात जे होतं, त्याला काटा काय नि हात काय! काकूंचा स्वयंपाक हा आमच्या एडिसनमध्ये थट्टेचा विषय होता. त्या दिवशीची खिचडी खाली करपलेली आणि वर कच्ची होती. "माझ्या हातचं खाऊन अजून कुणी दगावलेलं नाही. मी डॉक्टर आहे, मला कळलं असतं," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण मुलं निमूटपणे गिळतायत हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही. सकाळी माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "ह्यांना मी जेवू घातलं तर पहिल्याच मॅचला आडवे होतील. आता मी वार लावणार."

काकूंचे वडील गरिबीत सांगलीला शिकले होते, वार लावून जेवले होते. सोमवारी ह्यांच्या घरी, मंगळवारी त्यांच्या. तीच पद्धत काकूंनी न्यू जर्सीत सुरू केली. ओळखीच्या सगळ्या मराठी घरांत फोन गेले. "आता मी तुमच्याकडे चार माणसं जेवायला पाठवणार आहे. चार म्हणजे आठ समजा." सोमवार नागपूरच्या देशपांड्यांनी घेतला, गुरुवार दातारांनी, शुक्रवार सान्यांनी. रविवार काकूंनी स्वतःकडे ठेवला आणि त्या दिवशीचं जेवण बाहेरून मागवायचं कबूल केलं. मुलांना पोचवायचं-आणायचं काम माझ्याकडे आलं.

मग जी चढाओढ लागली, ती काय सांगावी! देशपांड्यांनी वडाभात केला तर मंगळवारवाल्यांनी मटणाचा पांढरा रस्सा. जेवण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी त्या त्या घरातून काकूंना फोन यायचा: काय केलं होतं, किती संपलं, सोन्याने परत परत काय मागून घेतलं. काकू स्पीकर लावून ऐकायच्या आणि पोळीच्या तुकड्याने लोणचं पुसत हुंकार भरायच्या.

जेवू घातलेल्या पोरांची मॅच बघायला न जाऊन कसं चालेल? कॉलेजच्या मैदानावर घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि चिवड्याचे डबे घेऊन आमची फौज हजर. खेळ थोड्याच वेळात सगळ्यांना कळला. चेंडू हातात घेऊन पुढे पळायचं, पण द्यायचा तो मागेच. सहा वेळा पकडलं की चेंडू मुकाट्याने समोरच्यांच्या स्वाधीन. "कबड्डीच आहे यार, फक्त चेंडू जास्तीचा!" सानेकाकांनी जाहीर केलं. बाया "सोन्या, पळ!" म्हणून ओरडायच्या आणि इथे वाढलेली पोरं "आई, स्टॉप इट, एव्हरीबडी इज लुकिंग" म्हणत तोंड लपवायची. गटात चार संघ, प्रत्येकाचे तीन सामने, पहिले दोघे पुढे. क्रिकेटच्या जर-तरवर वाढलेल्या आमच्या आयटीवाल्यांना गणित शिकवायला नकोच होतं. पहिला सामना आमची मुलं हरली. बुधवारचा दुसरा जिंकली. बाकीचे निकाल बघता रविवारचा तिसरा जिंकला तर उपांत्य फेरी, नाहीतर घरी. एवढं सरळ होतं ते.

सिओनेसाठी त्यात आणखी एक गोष्ट होती. एका मोठ्या व्यावसायिक क्लबचा माणूस रविवारी त्याला बघायला येणार होता. "आमच्या बेटावरून बाहेर पडायचं हे एकच दार आहे, आंटी," असं त्याने काकूंना सांगितलं होतं. वडील नव्हते. धाकटी भावंडं पुष्कळ होती.

शुक्रवारी सकाळी दातारकाकूंचा फोन आला. पुरणपोळ्यांचं कौतुक सांगून झाल्यावर म्हणाल्या, "पण सोन्याला आमचा संकोच वाटला की काय? काल चमचा मागितला हो त्याने. नि डाव्या हातात धरला." काकू हसून बरं म्हणाल्या. शनिवारी सकाळी सानेवहिनींचा फोन. पोरं छान जेवली, फक्त सोन्याच्या हातून पाण्याचा ग्लास पडला आणि कोकचा कॅन त्याने दुसऱ्या मुलाकडून उघडून घेतला. बाकी मजेत. ह्या वेळी काकू हसल्या नाहीत. प्रत्येक घराने त्याला जेवताना एकदाच पाहिलं होतं. दोन्ही घरांचं काकूंनी एकटीने ऐकलं होतं.

त्यांनी सिओनेला स्वयंपाकघरात बोलावलं, समोर बसवलं. त्या त्याच्याशी इंग्रजीतच बोलायच्या, पण मिरजेच्या ठसक्यात. "आता मी तुझा हात बघणार आहे. माझी बोटं दाब." डाव्या हाताने त्याने दाबली तेव्हा काकूंना 'आई गं' करावं लागलं. मग उजवा. काकू माझ्याकडे वळल्या. मला म्हणाल्या, "तू दे गं तुझं बोट." मी दिलं. त्या एवढ्या मोठ्या पंजाची पकड तान्ह्या बाळासारखी होती. बुधवारी एका धडकेनंतर मानेतून हातापर्यंत वीज गेली होती, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"हात दुखावलेला नाही, मान दुखावलीय," काकू म्हणाल्या. "उद्या अजून एक दणका बसला तर कदाचित काहीच होणार नाही. कदाचित मानेखालचं सगळं जाईल. मला सांगता येत नाही, कुणालाच येणार नाही. म्हणून मी तुझ्या कोचला कळवणार आहे."

"आंटी, प्लीज. वन गेम. जस्ट वन." तो खुर्चीवरून उतरून त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसला, तरी त्याचं डोकं त्यांच्या डोक्याच्या बरोबरीला येत होतं. काकू नाही म्हणत राहिल्या. शेवटी तो चिडून म्हणाला, "तुम्ही माझी आई नाही."

"नाही," काकू म्हणाल्या. "आई असते तर कदाचित गप्प बसले असते."

मग त्या उठल्या. "आता मी फोन उचलतेय. आता नंबर लावतेय. तुझ्यामागे सांगत नाही, तू इथेच बस आणि ऐक. मी काही खोटं बोलले तर मला थांबव." त्यांचा आवाज स्थिर होता, पण नंबर दोनदा चुकला. सिओने भिंतीकडे बघत बसून राहिला. त्याने त्यांना थांबवलं नाही. पुन्हा कधी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

त्याच दिवशी काकूंच्या ओळखीच्या हॉस्पिटलात स्कॅन झाला. मणक्यांतली एक चकती किंचित सरकली होती, थोडी सूज होती. खेळला असता तर काय झालं असतं हे छातीठोकपणे तिथल्याही कुणी सांगितलं नाही. कोचने त्याला बसवलं. रविवारी गळ्यात पट्टा घालून तो बाकावर बसला आणि त्याचा संघ अगदी थोडक्यात हरला. क्लबचा माणूस येऊन, कॉफी पिऊन, दुसऱ्याच कुणाशी हात मिळवून निघून गेला. आमच्या खुर्च्या घडी झाल्या आणि चिवड्याचे डबे न उघडताच परत गेले.

राग निघाला तो काकूंवर. चार दिवसांत पोरं सगळ्यांना घरची वाटायला लागली होती ना! दातारकाका पार्किंगमध्ये म्हणाले, "काकू, स्कॅनमध्ये तसं खात्रीचं काही नव्हतं म्हणे?"

"नव्हतं," काकू म्हणाल्या. "खात्री करून घ्यायला तो पडायला हवा होता."

दुसऱ्या दिवशी निघण्याआधी सगळा संघ काकूंकडे जेवायला आला. बाहेरून मागवलेलं जेवण होतं, तरी शिरा काकूंनी हट्टाने स्वतः केला आणि तो गुठळ्यांसकट संपला. सिओने आला नाही. बाहेर व्हॅनमध्येच बसला. मी म्हटलं, ताट नेऊन देऊ का? काकू म्हणाल्या, "नको. रागावलेल्या माणसाला वाढू नये, त्याला नाही म्हणावं लागतं." व्हॅन वळणावरून दिसेनाशी झाली तरी त्या ड्राइव्हवेत उभ्या होत्या. मग आत येऊन त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी एकही शब्द न बोलता भांडी घासली. मला त्या घरातली ती शांतता सहन होईना, म्हणून मी उगाचच टीव्ही लावला.

पुढे माझी नोकरी बदलली, मी शिकागोला गेले. बाकीच्या तिघांची नाताळची कार्डं काकूंना यायची. सिओनेचं कधी आलं नाही, फोन नाही, निरोप नाही. शेवटची त्यांना भेटायला गेले तेव्हा त्या फार वाळल्या होत्या, पण बडबड तशीच. मी न राहवून विचारलं, "काकू, वाईट नाही वाटत तुम्हाला? इतकं सगळं केलंत आणि साधा एक फोन नाही त्याचा."

"वाटतं की," त्या म्हणाल्या. "रोज वाटतं. पण अगं, माणूस रागावतो म्हणजे त्याला रागवायला फुरसत आहे. अंथरुणात पडला असता तर माझी आठवण कशाला काढली असती? रागावू दे. चांगला म्हातारा होईपर्यंत रागावू दे माझ्यावर."

दोन हजार आठच्या हिवाळ्यात काकू गेल्या. मुली आल्या, मीही विमानाने आले. वार घेतलेली सगळी घरं आली, दातारही आले आणि कोपऱ्यात उभे राहून डोळे पुसत होते. मी शिकागोला परतल्यावर कोचचा नंबर शोधून काढला आणि त्याला बातमी दिली. सिओनेला सांगाल का, असं विचारलं. कोच म्हणाला, सांगतो. सिओने आता इथे बेटावर आमच्याच शाळेत मुलांना शिकवतो.

आठवड्याने कोचचा फोन आला. सिओनेला सांगितलं होतं. तो काय म्हणाला, मी विचारलं. म्हणायला थांबला कुठे, कोच म्हणाला. समोरची खुर्ची लाथेने उडवली, आणि पळत मैदानापलीकडे निघून गेला, कितीतरी वेळ परत आलाच नाही.

"पळत?" मी विचारलं.

"हो, पळत. चांगला जोरात."

काकूंच्या अंत्यविधीला मी रडले नव्हते. फोन ठेवला आणि तिथेच, ऑफिसच्या जिन्यात बसून, पोटभर रडले.