शेजारच्या सीटवरचा डबा

जर्सी सिटीतल्या आमच्या बिल्डिंगमधून कोणी मेक्सिकोत कॅनकूनला निघालं की सातव्या मजल्यावरचे काका त्याला लिफ्टपाशी गाठतातच. "एअरपोर्टवरून टॅक्सी नको, शटल तर मुळीच नको. साधी बस घे, डावीकडची खिडकी पकड." मग हातात लाडवांचा स्टीलचा डबा. "हा शेजारच्या सीटवर ठेव. उतरताना आठवणीने उचल." लिफ्ट आली की दार हाताने धरून थांबतात, मागून कोणी येत असल्यासारखे. काकू तिथल्या समुद्रात बुडाल्या हे सगळ्यांना माहीत आहे. काकांसमोर कोणी तो विषय काढत नाही.

यंदा मी ऑफिसच्या ट्रिपला गेले. बाकीच्यांनी हॉटेलची शटल बुक केली. मी म्हटलं, उगाच त्यांचं मन कशाला मोडा, आणि बसमध्ये चढले. डबा शेजारी ठेवला. आसपास कोणीच नव्हतं. माझा डोळा लागला. उतरताना डबा उचलला तर हलका लागला. उघडून बघायचा धीर झाला नाही.

परत आल्यावर लिफ्टपाशी तो काकांच्या हातात दिला. "सॉरी हं काका, लाडू कोणीतरी खाल्ले वाटतं. डबा रिकामाच आणलाय."

"रिकामा कसा असेल?" त्यांनी शांतपणे झाकण काढलं. तळाशी चमचाभर साखर होती, ओलसर. "रिकामा डबा परत करत नाही ती."

लिफ्ट आली. काकांनी नेहमीसारखं दार धरलं. मी आत सरकून जागा केली.