लोरीन पिट्झरचे मंगळवार

बेलफोर्डच्या नगरपरिषदेची सभा महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या मंगळवारी, संध्याकाळी साडेसहाला भरते. गेल्या मार्चपर्यंत, म्हणजे सलग अकरा वर्षे, लोरीन पिट्झरने त्यातली एकही सभा चुकवली नव्हती. तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची तिची. मांडीवर पिवळ्या कागदांची वही, पायाशी कापडी पिशवी, आणि चेहरा असा की आता कुणीतरी ताटात भाजी टाकून उठणार आहे आणि ती त्याला पकडणार आहे. त्याच सभागृहात मी एकोणीस वर्षे आमच्या पेपरचा बातमीदार म्हणून बसलो. फरक एवढाच, की मला तिथे बसण्याचा पगार मिळायचा आणि तरी मी पेंगायचो.

मग पेपर कुठल्याशा लांबच्या कंपनीने घेतला. त्यांनी आधी आमची इमारत विकली आणि मग आम्हाला घरी पाठवले. आता पेपर नव्वद मैलांवर छापला जातो आणि त्यात भलत्याच गावांच्या पाककृती असतात. मी शाळेची बस चालवतो. लाखभर वस्तीच्या या शहरात परिषद काय करते हे सांगायला कोणी उरले नाही, तेव्हा लोरीनबाईंनी वही काढली. मंगळवारी टिपणे घ्यायची, बुधवारी वाचनालयात त्यांच्या चाळीस प्रती काढायच्या आणि लाँड्रीत, न्हाव्याकडे, चर्चच्या दारात आणि पेट्रोल पंपावर ठेवून यायच्या. टिपणात विशेषण म्हणून नसायचे. विषय, कोण काय बोलले, कोणी कसे मत दिले, संपले.

एकदा मी म्हणालो, "लोरीन, थोडं रंगवून लिहा हो. लोक वाचतील तरी."

"रंगवायचं काम तू केलंस ना एकोणीस वर्षं," ती म्हणाली. "वाचलं का कुणी?"

नोकरी म्हणाल तर सव्वीस वर्षे तिने शाळेच्या भोजनगृहात वाढण्याचे काम केले होते. त्यामुळे परिषदेतल्या सातपैकी चार सदस्यांनी लहानपणी तिच्या हातचे खाल्लेले. आमच्या वॉर्डाचा सदस्य ब्रेंट ऑल्टमन एकदा भर सभेत तिला म्हणाला, की बाई, आपण आकडे नीट वाचत नाही. ती जागेवरूनच म्हणाली, "ब्रेंट, तू तेव्हाही गाजरं रुमालाखाली लपवायचास. मी वाचते नीट." सभागृह हसले, ऑल्टमनही हसला. पण तो विसरणाऱ्यातला नव्हता.

एवढी वर्षे ती जी राखण करत होती ती खरे तर एकाच गोष्टीची. आमची वस्ती रेल्वेरुळांच्या पलीकडे, रूळ आणि नदी यांच्यामध्ये आहे. शहरातून आत यायला एकच रस्ता, हॅलोरन रस्ता, आणि त्यावर एकच फाटक. त्या फाटकावर दोन-दोन मैल लांबीच्या मालगाड्या येतात आणि वाटेल तेव्हा उभ्या राहतात. कधी दहा मिनिटे, कधी पाऊण तास. रेल्वेला विचारले तर परिषदेकडे बोट, परिषदेला विचारले तर रेल्वेकडे. म्हणून आमच्या बाजूचे सहा नंबरचे फायर स्टेशन महत्त्वाचे. बंब आणि अँब्युलन्स तिथेच, गाडी उभी असो नाहीतर नसो. आणि लोरीनबाईंचा नवरा एल्टन अडतीस वर्षे ओतकामाच्या कारखान्यात वाळूची धूळ खाऊन आता घरी नाकात ऑक्सिजनची नळी लावून बसलेला. सहा नंबर तिच्या दारापासून चार गल्ल्यांवर होते. ते बंद करायचा विषय तीनदा आला, तिन्ही वेळा तिने वस्ती गोळा करून तो पाडला.

चौथ्यांदा तो यादीतून आला.

यादी म्हणजे आमच्या परिषदेची सोय. गटारांची झाकणे, झाडे तोडण्याचे ठेके, दारूच्या परवान्यांचे नूतनीकरण, असले कुणी वाद घालणार नाही असे विषय एकत्र लिहायचे आणि एका दमात, एका मतदानात मंजूर करायचे. मतदानाआधी सभागृहातल्या कुणीही हात वर करून अमुक नंबर बाजूला काढा म्हटले, की तो काढावा लागतो आणि त्यावर वेगळी चर्चा करावी लागते. हा नियम शहरात फार तर दहा लोकांना माहीत. लोरीनबाईंनी या यादीतून शंभरेक तरी विषय बाहेर खेचले असतील. अध्यक्ष विचारायचे, "यादीतून काही?" आणि बोलता बोलता नजर आपोआप तिसऱ्या रांगेकडे जायची.

मार्चच्या दुसऱ्या मंगळवारी एल्टनच्या फुप्फुसांची तपासणी लांबली. दुपारी मला तिचा फोन आला.

"गॅरेट, आज माझ्या जागी बस. टिपणं नकोत. फक्त यादी वाच."

"बसतो की. तुम्ही एल्टनकडे बघा."

मी बसलो. पहाटे साडेचारला उठून दोन फेऱ्या मारलेल्या, पाठ मोडून आलेली. यादीत एकतीस विषय होते. चोविसावा होता, 'मनुष्यबळ व वाहनांचे कार्यक्षमतेनुसार फेरवाटप.' मी तो वाचला. मी तो वाचलाच नाही असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. माझ्या मनात आले, कचऱ्याच्या गाड्यांचे असेल. अध्यक्षांनी विचारले, "यादीतून काही?" आणि तिसऱ्या रांगेकडे पाहिले. मी मान हलवली, काही नाही म्हणून. पाऊण मिनिटात एकतीस विषय मंजूर झाले.

एप्रिलच्या शेवटी सहा नंबरच्या दारावर नोटीस लागली. एक जुलैपासून केंद्र बंद. वस्ती खवळली, सह्या झाल्या, दारोदार फलक लागले. ऑल्टमनने मूग गिळले नाहीत, उलट शांतपणे सांगितले, "विषय यादीत होता. जनतेला संधी होती. कुणीही तो काढायला सांगितलं नाही." फेरविचार हवा तर तो लगेच पुढच्या सभेत मागायला हवा होता. ती मुदत महिन्यापूर्वीच टळली होती. तो हे बोलत असताना लोरीनबाई खाली मान घालून लिहीत होत्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही.

दोन आठवडे मी तिला टाळले. मग एका रविवारी लाज वाटून तिच्या घरी गेलो. एल्टन खुर्चीत रेलून आवाज बंद ठेवून बेसबॉल बघत होता.

"ये पत्रकार," तो म्हणाला. एका वाक्याला दोनदा थांबून श्वास घ्यावा लागत होता त्याला. "अठ्ठ्याऐंशी साली तू माझं नाव चुकीचं छापलंस. पिना पाडायच्या बोलिंग स्पर्धेत. अजून वाट बघतोय मी. दुरुस्तीची."

"अठ्ठ्याऐंशीत मी कॉलेजात होतो, एल्टन."

"मग तुझ्यासारखाच कुणीतरी."

स्वयंपाकघरात लोरीनबाई हॅम आणि पांढऱ्या घेवड्याचे सूप ढवळत होत्या. मी दारात उभा राहिलो आणि जे सांगायचे ते एकदाचे सांगून टाकले. चोविसावा विषय मी वाचला होता. शंका यायला हवी होती. दमलो होतो, घरी जायचे होते, मान हलवली.

तिला राग आला असता तर मला सोपे गेले असते. ती ढवळत राहिली.

"मी असते तर काढायला लावला असता," ती म्हणाली.

"माहिती आहे."

"पण मी नव्हते. आणि अकरा वर्षांत दुसरं कोणी शिकलं नाही, हे काही तुझं एकट्याचं नाही." तिने गॅस बंद केला. "मी थकलेय, गॅरेट. खूप थकलेय. बस, सूप घे. मक्याचा पाव आहे सोबत."

माफ केले असे ती म्हणाली नाही. नंतरही कधी म्हणाली नाही. पण पुढच्या मंगळवारी बसायला गेलो तेव्हा शेजारच्या खुर्चीवरची पिशवी तिने उचलून पायाशी ठेवली, आणि तेव्हापासून मी तिथेच बसतो.

एक जुलैला सहा नंबरचे दार बंद झाले. ऑगस्टच्या चौदा तारखेला, दुपारी, एल्टनचा श्वास अडकला. एवढ्या वर्षांची सवय, की तिने फोन करता करता हाताशी असलेल्या लिफाफ्यावर वेळ टिपली. दोन वाजून एक्केचाळीस मिनिटांनी फोन. दोन शेहेचाळीसला सायरन ऐकू आला. म्हणजे अँब्युलन्स शहराच्या बाजूने पाच मिनिटांत फाटकापर्यंत आली होती, आणि फाटकावर मालगाडी उभी होती. लोरीनबाई एल्टनचा हात धरून बसल्या होत्या. खिडकी उघडी होती आणि सायरन ऐकू येत होता. तो जवळही येत नव्हता आणि लांबही जात नव्हता. अँब्युलन्समधली मुलगी डब्यांमधून चढून पलीकडे यायला निघाली होती, तिला वरिष्ठांनी वायरलेसवरून अडवले. गाडी केव्हाही हलू शकते, जीव जाईल म्हणाले. तेही खोटे नव्हते. तीन वाजून पाच मिनिटांनी गाडी हलली, मग अँब्युलन्सवाले दारात आले. तोवर करण्यासारखे काही उरले नव्हते.

दफनाला मी गेलो. तिथे एल्टनच्या जुन्या सोबत्यांनी शवपेटी उचलली, त्यातल्या दोघांना मधेच खाली टेकवून दम घ्यावा लागला. तिने मला लिफाफा दाखवला. मला त्या दिवशी स्वतःचा जेवढा तिटकारा आला तेवढा कधी आला नव्हता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या मंगळवारी ती सभेला आली. दारात यादी घेतली, बसली, चष्मा लावला आणि वाचता वाचता थांबली. मग तो कागद माझ्यापुढे धरला. सतरावा विषय, 'श्री. एल्टन पिट्झर यांच्या अकस्मात निधनाबद्दल शोकठराव.' सोळाव्यात पाणीपुरवठ्याचे मीटर होते आणि अठराव्यात भोपळ्याच्या जत्रेसाठी रस्ता बंद.

अध्यक्षांनी विचारले, "यादीतून काही?"

लोरीनबाईंनी हात वर केला. "सतरा नंबर बाजूला काढा."

अध्यक्ष गोंधळले. "मिसेस पिट्झर, तो तर तुमच्याच... तो शोकठराव आहे. त्यात चर्चेसारखं काही नाही."

"आहे. काढा."

बाकीची यादी मंजूर झाली. मग सचिवांनी सतरावा ठराव वाचला. अडतीस वर्षे कारखान्यात, आदर्श नागरिक, प्रेमळ पती, अकस्मात निधन. ती माइकपाशी गेली आणि नियमाप्रमाणे नाव आणि पत्ता सांगितला.

"तुम्ही आठवण ठेवलीत, आभार," ती म्हणाली. "माझी एकच दुरुस्ती आहे. अकस्मात शब्द काढा. तो अकस्मात गेला नाही. हॅलोरन फाटकावर एकोणीस मिनिटं मालगाडी उभी होती आणि आमच्या बाजूला अँब्युलन्स नव्हती, म्हणून तो गेला. माझ्याकडे वेळा लिहिलेल्या आहेत. तेवढं लिहा ठरावात."

परिषदेचे वकील वाकून अध्यक्षांच्या कानाशी काहीतरी बोलले. अध्यक्ष म्हणाले, "दुरुस्ती नागरिकाला मांडता येत नाही. सदस्यानं मांडावी लागते."

मग रोझलिन ट्वीड, वयाने सगळ्यांत मोठ्या सदस्या, म्हणाल्या, "मी मांडते."

"अनुमोदन?"

माइकपाशी उभी राहून लोरीनबाईंनी एकेका चेहऱ्याकडे पाहिले. घाईने नाही. ऑल्टमन समोरचे कागद चाळत होता. दुसरा एक पाणी प्यायला. मी बसल्या जागी अनुमोदन, अनुमोदन असे मनात म्हणत होतो, पण माझ्या मनातल्या मताला त्या सभागृहात किंमत नव्हती. जेव्हा होती तेव्हा मी मान हलवली होती.

"अनुमोदनाअभावी दुरुस्ती बाद," अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज खाली गेला होता. "मूळ ठराव मताला टाकतो."

"मग तो नामंजूर करा," लोरीनबाई म्हणाल्या. "मला असा नको. घरी लावायला मला खोटं नको."

पण शोकठरावाविरुद्ध मत कोण देणार. नावे पुकारली गेली आणि एकेक जण होय म्हणाला. रोझलिन ट्वीडही होय म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांनी डोळे मिटले. ठरावाची सोनेरी शिक्क्याची चौकट तयारच होती. सचिव ती घेऊन खाली आल्या, तेव्हा लोरीनबाई पाठ फिरवून जागेवर निघाल्या होत्या. सचिवांनी ती काय करावी हे न कळून पहिल्या रांगेतल्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

मला वाटले आता ती पिशवी उचलेल आणि बाहेर पडेल. मी तिचा कोट उचलायला हातही पुढे केला. ती बसली. तिने वही उघडली, पेन झटकले आणि तिच्या त्या गोल, शाळकरी अक्षरात लिहिले, 'विषय १७. शोकठराव, ए. पिट्झर. यादीतून काढला. दुरुस्ती बाद, अनुमोदन नाही. मंजूर, सात विरुद्ध शून्य.'

मग अध्यक्षांनी पुढचा विषय पुकारला, उत्तरेकडच्या पदपथांचा, आणि तिने त्याखाली नवी ओळ सुरू केली.